पथ्याचे वेगळे ताट

यंदाच्या स्मरणिकेसाठी चिटणीसबाईंनी माझ्याकडे पाककृती मागितली होती. "मधुमेहाच्या पथ्याचा एखादा पदार्थ लिहून द्या, तुमच्या घरी रोजचेच आहे ना!" असे त्या म्हणाल्या. पाककृती देण्यास माझी मुळीच हरकत नव्हती. परंतु कागद घेऊन बसले तेव्हा लक्षात आले की मला जे सांगावयाचे आहे ते एका पदार्थाविषयी नाही, ताटाविषयी आहे. तेव्हा मैत्रिणींनी आधी थोडा इतिहास ऐकून घ्यावा. पाककृती शेवटी दिली आहे.

तीन वर्षांपूर्वी यांना मधुमेह असल्याचे निघाले. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि एक छापील तक्ता दिला. तो मी फडताळाच्या दारावर चिकटवला आणि त्या दिवसापासून घरात जणू पोलिसी अंमल सुरू झाला. यांचे ताट वेगळे. त्यात उकडलेली भाजी, दोन कोरड्या भाकऱ्या आणि काकडीच्या चार फोडी. शेजारी आम्ही वरण-भात, तूप, लिंबू घेऊन बसलेले. गुळाच्या, साखरेच्या आणि फराळाच्या डब्यांना मी कुलूप घातले व किल्ली कमरेला लावली. सासूबाई एकदा म्हणाल्याही, "आजाऱ्याचे असे एकट्याचे पान मांडू नये ग." मी ते कानाआड केले.

दोन महिन्यांनी एका रात्री पाणी प्यायला उठले तर देवघरापाशी हे उभे. नैवेद्याच्या वाटीतली खडीसाखर तोंडात. मी नको तितकी बोलले. हे काही बोलले नाहीत. वाटी जागेवर ठेवली आणि दिवा मालवून निजायला गेले. साठीच्या माणसाचा तो चेहरा मला रात्रभर झोप देईना. आणि एवढे करून रक्तातली साखर तरी कोठे उतरली होती? म्हणून मग मी वाचनालयाची वाट धरली. हे पथ्य आले कोठून आणि ते पूर्वी कोणी कसे निभावले, ते एकदा पाहावे असे मनाने घेतले.

पहिला आश्चर्याचा धक्का घरच्याच ग्रंथांनी दिला. चरक आणि सुश्रुत या दोन्ही संहितांत प्रमेहाचे वीस प्रकार सांगितले आहेत व मधुमेह त्यांतलाच एक आहे. कारणे म्हणून चरकाने सुखाने बसून राहणे, फार झोपणे, दही, नवे धान्य, गुळाचे पदार्थ अशी यादी दिली आहे. ती वाचताना आपल्याच शेजारणीचे वर्णन वाचत आहोत असे वाटते! सुश्रुताने तर जन्मजात आणि अपथ्याने होणारा असे या रोगाचे दोन भेदही केले आहेत. अन्न म्हणून मुख्य भर जवावर आहे. जवाचा भात, जवाचे सातू, जवाचे अपूप, शिवाय मूग आणि कडू भाज्या. जव एकच, पण त्याचे प्रकार किती, हे पाहावे. आपण मात्र आज गव्हाचे आणि डाळ्याचे सातू करतो व त्यात गूळ कालवतो. त्यामुळे त्या सातूचा दाखला देऊन कोणी वाडगेभर खाऊ नये. सुश्रुताने सधन नसलेल्या रोग्याला अनवाणी, छत्रीवाचून शंभर योजने चालावयास किंवा विहीर खणावयास सांगितले आहे. आपल्याला संध्याकाळी देवळापर्यंत जाऊन येणेही होत नाही!

युरोपात ही विद्या फार उशिरा आली. रोग्याच्या लघवीत खरोखर साखर असते हे मॅथ्यू डॉब्सन या इंग्रज वैद्याने 1776 साली दाखवून दिले. पुढे जॉन रोलो नावाच्या लष्करी शल्यवैद्याने कॅप्टन मेरिडिथ या स्थूल अधिकाऱ्यावर मांसाहाराचा प्रयोग केला आणि 1797 साली तो पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला. धान्य व भाज्या जवळजवळ बंद. रक्त आणि चरबी यांचे गोळे, जुने खवट मांस असा तो आहार. मेरिडिथची प्रकृती सुधारली. परंतु असले अन्न बहुतेकांना फार दिवस गिळवत नसे, आणि गिळवले नाही की पथ्य मोडलेच.

1870 साली जर्मन सैन्याने पॅरिसला वेढा घातला. शहरात अन्नाचा दुष्काळ पडला. आपोलिनेर बूशार्दा या वैद्याच्या ध्यानात आले की या उपासमारीत आपल्या मधुमेही रोग्यांच्या लघवीतली साखर कमी होत आहे किंवा नाहीशीच होत आहे. त्यावरून त्याने कमी खा, अंगमेहनत करा, असा उपदेश केला. पुढे जर्मनीत नाउनीन या प्रसिद्ध वैद्याने तर पथ्य मोडू नये म्हणून रोग्यांना खोलीत कुलपात ठेवले. हे वाचताना माझा हात नकळत कमरेच्या किल्लीकडे गेला.

या साऱ्याचा कळस अमेरिकेत झाला. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत डॉ. फ्रेडरिक ॲलन यांनी 1914 च्या सुमारास उपासाची पद्धत सुरू केली. लघवीतली साखर जाईपर्यंत उपास, मग मोजूनमापून थोडेसे अन्न, पुन्हा साखर दिसली की पुन्हा उपास. भाज्यांतील पिष्ट जावे म्हणून त्या तीनदा उकळून प्रत्येक वेळी पाणी ओतून देत. ॲलन निर्दय नव्हते. त्या काळी लहान मुलांना हा रोग झाला की ती लवकरच दगावत, आणि उपासाने काहींचे आयुष्य थोडे लांबत असे. त्यांच्या हाताखालचा बारा वर्षांचा एक आंधळा मुलगा एवढे पथ्य करूनही साखर का दाखवतो याचा उलगडा होईना. शेवटी कळले की तो दातांची पेस्ट आणि पिंजऱ्यातल्या पाखराचे दाणे खात होता. पुढे तो उपासमारीनेच गेला. ही हकीकत वाचून मी पुस्तक मिटून ठेवले. देवघरातली ती वाटी माझ्या डोळ्यांपुढे आली.

ॲलन यांचीच दुसरी रोगी एलिझाबेथ ह्यूज. तिचे वडील चार्ल्स इव्हान्स ह्यूज पुढे अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री झाले. 1919 साली, अकराव्या वर्षी तिला मधुमेह झाला. तिचा वाढदिवस आला की टोपीच्या खोक्याला गुलाबी-पांढरा कागद लावून त्याचाच केक करीत आणि त्यावर मेणबत्त्या लावीत. सहलीला गेले की इतर मंडळी मासे, मक्याची कणसे, कलिंगड खात आणि ती आपल्या छोट्याशा तव्यावर आपले ऑम्लेट करून घेई. त्या केकने पोट भरत नव्हते, पण तो सगळ्यांच्या पंक्तीत ठेवलेला असे. तिने तीन वर्षे पथ्य निभावले त्यात तिच्या मनोधैर्याचा वाटा मोठा आहेच. परंतु त्या कागदी केकचाही काही आहे, असे मला गृहिणी म्हणून वाटते.

मात्र एवढ्याने ती वाचली असे कोणी समजू नये. 1922 च्या ऑगस्टमध्ये तिचे वजन अवघे वीस किलोच्या आसपास होते. त्याच वर्षी जानेवारीत टोरांटो येथे लिओनार्ड टॉमसन या चौदा वर्षांच्या मुलाला बँटिंग, बेस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केलेल्या इन्शुलिनचे पहिले इंजेक्शन दिले गेले होते. एलिझाबेथलाही बँटिंग यांनी ते दिले. तिला पुन्हा पाव मिळाला, वजन वाढले, पुढे लग्न झाले, मुले झाली. ती 1981 साली, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी वारली. ज्याला इन्शुलिनच हवे त्याला केवळ पथ्याने वाचवता येत नाही, हे या कथेतून प्रत्येकीने ध्यानी ठेवावे.

इन्शुलिन आल्यावर पथ्याचे रूप पालटले. बॉस्टनच्या डॉ. जॉसलिन यांनी रोग्यांसाठी 1918 सालीच पुस्तक लिहिले होते व रोग्याला आणि घरच्यांना शिकवणे हाही उपचार मानला. 1950 साली अमेरिकेत अदलाबदलीचे तक्ते निघाले. म्हणजे एका पदार्थाऐवजी त्याच तोलाचा दुसरा घ्यावा. पाव घेतला तर तेवढा बटाटा सोडावा. 'हे कायमचे बंद' याच्या जागी 'हे किती आणि कशाच्या बदली' असा विचार आला. 1981 साली टोरांटोच्याच डॉ. जेंकिन्स यांनी कोणते अन्न रक्तातली साखर किती झपाट्याने वाढवते याचा निर्देशांक मांडला. त्यात आपली कडधान्ये चांगली ठरली. चरकाचा मूग असा फिरून आपल्याच स्वयंपाकघरात आला!

हे सारे वाचून झाल्यावर मी किल्ली खुंटीला लावली आणि वेगळे ताट बंद केले. डॉक्टरांना विचारून साऱ्या घराचे जेवणच बदलले. आधी कोशिंबीर आणि भाजी, मग मटकीची किंवा मुगाची उसळ, मेथी घातलेली एक भाकरी, आणि शेवटी अर्धी वाटी भातावर घट्ट वरण, तुपाचे चार थेंब, लिंबू. भात घेतला की दुसरी भाकरी नाही. हा हिशेब हे स्वतःच ठेवतात. भाजीला फोडणी असते, ओले खोबरे असते, कोथिंबीर असते. सणाला पुरणपोळीचा चतकोर तुकडा सर्वांदेखत पानात येतो, चोरून नाही. मुलांनी पहिले आठ दिवस तोंडे वाकडी केली. आता कोणी बोलत नाही.

यांच्या गोळ्या चालूच आहेत. तीन महिन्यांच्या सरासरीचा आकडा उतरला, एकदा दिवाळीनंतर पुन्हा चढला, पुन्हा उतरला. चमत्कार झाला असे मी म्हणणार नाही. आपापल्या मनाने कोणी जेवण एकदम तोडूही नये. गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असता अन्न कमी पडले तर साखर फार उतरून घात होतो. आपल्या देशात आज दहा कोटींवर माणसे मधुमेही आहेत असा 2023 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीचा अंदाज आहे. म्हणजे आपल्या मंडळातील पुष्कळ घरी हाच प्रश्न आहे.

आता चिटणीसबाईंची पाककृती. दोन वाट्या हिरवे मूग रात्री भिजत घालावेत. सकाळी आले, मिरची, जिरे घालून वाटावेत. त्यात मूठभर चिरलेली मेथी किंवा पालक, हळद, मीठ घालावे. तव्यावर तेलाचे बोट फिरवून पातळ धिरडी घालावीत आणि झाकण ठेवून दोन्ही बाजूंनी खरपूस करावीत. बरोबर ताजे ताक आणि लसणीची चटणी द्यावी. एवढ्यात चौघांचे होते. एकट्यासाठी मात्र करू नये.