जुन्या मोटोक्रॉस दुचाकींचे पुनरुज्जीवन आणि जतन

चिखल, वाळू आणि खडकाळ चढ यांवरून धावण्यासाठी जी दुचाकी घडवली गेली, तिचे आयुष्य निर्मात्याने एका हंगामापुरतेच गृहीत धरलेले असे. हंगाम संपला की तिच्या जागी नवे मॉडेल येई आणि जुनी गाडी गोठ्यात किंवा गोदामात गंजत पडे. त्यामुळेच १९६० आणि १९७० च्या दशकांतील मोटोक्रॉस दुचाकी आज मूळ स्वरूपात क्वचितच आढळतात. अशा गाडीला पुन्हा जिवंत करणे हे यंत्रविद्येचे काम आहे, तितकेच ते इतिहासाच्या साधनाचे जतन करण्याचेही काम आहे.

थोडा इतिहास

खडतर जमिनीवरील दुचाकी शर्यतीचा उगम इंग्लंडमध्ये झाला. २९ मार्च १९२४ रोजी सरे परगण्यातील कॅम्बर्ली येथे झालेली स्पर्धा या प्रकारातील पहिली मानली जाते. इंग्रज या खेळाला 'स्क्रॅम्बल' म्हणत. पुढे तो फ्रान्स-बेल्जियममध्ये रुजला आणि 'मोटोक्रॉस' हे नाव रूढ झाले. आरंभीच्या काळात मैदान गाजवले ते ब्रिटिशांच्या वजनदार फोर-स्ट्रोक गाड्यांनी. १९६० च्या दशकात मात्र हलक्या टू-स्ट्रोक यंत्रांनी हे चित्र पालटले.

या परिवर्तनात तत्कालीन चेकोस्लोव्हाकियातील स्ट्राकोनिट्से येथील सीझेड या कारखान्याचा वाटा मोठा होता. १९१९ मध्ये शस्त्रनिर्मितीसाठी सुरू झालेल्या या उद्योगाने पुढे दुचाकी बांधणीत नाव कमावले. बेल्जियमचा जोएल रोबेर १९६४ मध्ये सीझेडवर २५० सीसी गटाचा जगज्जेता ठरला. पुढच्या वर्षी हे विजेतेपद सोव्हिएत संघाच्या व्हिक्टर अर्बेकोव्हने सीझेडवरच मिळवले. १९६६ मध्ये पूर्व जर्मनीच्या पाउल फ्रीडरिख्सने ३६० सीसी सीझेड टू-स्ट्रोकवर ५०० सीसी गट जिंकला. या गटात टू-स्ट्रोक यंत्राला मिळालेले हे पहिलेच जागतिक विजेतेपद होते. ते त्याने १९६७ आणि १९६८ मध्येही राखले. स्वीडनची हुस्कवार्ना, स्पेनच्या बुल्टाको व मोंटेसा आणि इंग्लंडची ग्रीव्ह्ज ही याच युगातील अन्य नावे. १९६८ च्या यामाहा डीटी-१ ने जपानी कंपन्यांना या बाजारात भक्कम स्थान मिळवून दिले.

१९७३ मध्ये यामाहाने मागील चाकासाठी एकच शॉकअब्सॉर्बर वापरणारी रचना आणली आणि त्याच वर्षी हाकान अँडरसनने तिच्यावर २५० सीसी गटाचे विजेतेपद मिळवले. त्यानंतर चाकांची वरखाली हालचाल झपाट्याने वाढत गेली. 'जुनी' आणि 'नवी' गाडी यांची सीमारेषा सामान्यतः इथेच आखली जाते. अमेरिकेतील जुन्या गाड्यांच्या स्पर्धांत 'व्हिंटेज' मोटोक्रॉस गट १९७४ पर्यंतच्या रचनेपुरता मर्यादित असून पुढील चाकाला ७ इंच व मागील चाकाला ४ इंच हालचालीची कमाल मर्यादा आहे. ब्रिटनमध्ये १९६५ पूर्वीच्या गाड्यांचा वेगळा गट असतो.

प्रथम ओळख, मग पाना

गाडी हाती आल्यावर लगेच ती खोलायला बसणे ही सर्वांत मोठी चूक होय. आधी चॅसी क्रमांक आणि इंजिन क्रमांक तपासावेत आणि ते उत्पादनवर्षाशी जुळतात का ते पाहावे. स्पर्धेच्या गाड्यांची इंजिने वारंवार बदलली जात, त्यामुळे दोन्ही क्रमांक न जुळणे यात अस्वाभाविक असे काही नाही. मात्र क्रमांक घासून पुन्हा ठोकलेले दिसल्यास खरेदीदाराने सावध व्हावे. त्यानंतर गाडीची सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत. तारा कुठून जातात, ब्रेकच्या केबलला वळण कसे आहे, कोणत्या नटाखाली किती वॉशर आहेत, या गोष्टी छापील पुस्तिकेत नेहमीच सापडत नाहीत. सुटे केलेले भाग नाव लिहिलेल्या पिशव्यांत ठेवावेत. ब्रिटिश गाड्यांचे आटे मेट्रिक नसून व्हिटवर्थ व तत्सम मापांचे असतात. त्यांना मेट्रिक पाना लावला की नटाचे कोपरे झिजून गोल होतात.

इंजिनाचा प्राण सीलमध्ये

टू-स्ट्रोक इंजिनात इंधन व हवेचे मिश्रण आधी क्रँककेसमध्ये येते आणि तेथून सिलिंडरमध्ये ढकलले जाते. त्यामुळे क्रँकशाफ्टच्या दोन्ही टोकांची ऑइल सील हवाबंद असणे अत्यावश्यक असते. अनेक वर्षे उभ्या राहिलेल्या गाडीत हे रबर कडक होऊन त्याला चिरा पडतात. मग बाहेरची हवा आत शिरते, मिश्रणातील पेट्रोलचे प्रमाण घटते, तापमान वाढते आणि पिस्टन जाम होतो. गाडी सुरू झाली, आवाजही छान आला आणि दुसऱ्याच फेरीत पिस्टन अडकला, या तक्रारीमागे बहुधा हेच कारण असते.

यावर खात्रीचा उपाय म्हणजे दाबाची चाचणी. कार्बोरेटर आणि सायलेन्सरची तोंडे बंद करून क्रँककेसमध्ये सुमारे ०.४ बार इतकाच दाब भरावा आणि तो काही मिनिटे टिकतो का ते पाहावे. दाब उतरत असेल तर साबणाचे पाणी लावून गळती शोधता येते. ही चाचणी केल्याशिवाय इंजिनाला किक मारू नये. त्याच वेळी कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगमधील ढिलाई तपासावी. सिलिंडर झिजला असल्यास तो बोअर करून वरच्या मापाचा पिस्टन बसवावा लागतो. पिस्टन आणि सिलिंडर यांतील अंतर किती ठेवायचे हे निर्मात्याच्या मापांवरूनच ठरवावे. एअर-कूल्ड इंजिनात ते फार कमी ठेवले तर तापल्यावर पिस्टन धरतो आणि फार जास्त ठेवले तर तो खडखडतो.

मॅग्नेटोचे पॉइंट, कंडेन्सर आणि कॉइल यांकडे यानंतर वळावे. ठिणगी कोणत्या क्षणी पडते हे नजरेने ठरवता येत नाही. प्लगच्या छिद्रात डायल गेज बसवून पिस्टन सर्वोच्च बिंदूच्या किती मिलिमीटर अलीकडे असताना पॉइंट उघडतात, ते मोजावे लागते. ठिणगी ठरल्यापेक्षा लवकर पडत असेल, तर पिस्टनच्या माथ्याला छिद्र पडण्यापर्यंत हानी होऊ शकते.

धातूंचे स्वभाव

वजन घटवण्यासाठी त्या काळी क्रँककेस आणि चाकांचे हब अनेकदा मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे बनवत. हा धातू ओलाव्यात पांढरी भुकटी धरून पोखरला जातो. लोखंडी बोल्टच्या सान्निध्यात तर ही झीज अधिकच वेगाने होते. अशा भागांवर आम्ल लावू नये आणि वाळूचा जोरदार मारा करू नये. त्यांची भुकटी ज्वालाग्राही असते आणि पेटल्यास पाणी ओतणे उलट घातक ठरते. स्वच्छ केलेल्या भागावर योग्य संरक्षक लेप आणि बोल्टांना ग्रीस, ही किमान काळजी होय.

काही उत्तम चॅसी पातळ भिंतीच्या पोलादी नळ्यांच्या असून त्यांचे सांधे पितळी झाळकामाने जोडलेले असत. रस्त्याकडेच्या वेल्डिंगच्या दुकानात अशा नळीवर आर्क मारल्यास सांध्याशेजारची नळी कमजोर होऊन ऐन उडीत तुटू शकते. ब्रेकच्या बाबतीतही सावधगिरी हवी. जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता गृहीत धरावी. ड्रममधील धूळ हवेच्या झोताने उडवू नये, ती ओल्या कापडाने पुसून घ्यावी आणि कापड बंद पिशवीत टाकावे.

इंधनाचा नवा प्रश्न

जुन्या गाड्यांपुढील आजचे मोठे संकट इंधनातून आले आहे. उसापासून आणि धान्यापासून बनणारे इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळण्याचे धोरण भारतात गेल्या काही वर्षांत वेगाने राबवले गेले आणि २०२५ मध्ये हे प्रमाण २० टक्क्यांवर पोहोचले. इथेनॉल हवेतील ओलावा शोषते, जुने रबरी पाइप व सील फुगवते आणि कार्बोरेटरमधील धातूवर क्षार जमवते. स्पेनच्या अनेक गाड्यांच्या टाक्या फायबरग्लासच्या होत्या. त्यांची जुनी राळ इथेनॉलने मऊ पडते आणि विरघळलेला चिकट अंश इंजिनात जाऊन बसतो. अशा टाकीला आतून इथेनॉलरोधक अस्तर लावणे किंवा ती केवळ प्रदर्शनासाठी ठेवून दुसरी टाकी वापरणे, हे दोन व्यवहार्य मार्ग आहेत. शिवाय इथेनॉलयुक्त पेट्रोलला जळण्यासाठी हवा कमी लागते. म्हणजेच जुन्या जेटवर मिश्रण हवेच्या बाजूला झुकते आणि जेट मोठा करावा लागू शकतो.

तेलाच्या प्रमाणाबाबत गैरसमज पुष्कळ आहेत. जुन्या पुस्तिकांत २० भाग पेट्रोलला १ भाग तेल असे प्रमाण आढळते, तर आधुनिक कृत्रिम तेले ३२ ला १ या प्रमाणातही पुरेसे वंगण देतात. मात्र तेल वाढवले की तेवढ्याच घनफळात पेट्रोल कमी होते. म्हणून प्रमाण बदलल्यावर कार्बोरेटर पुन्हा जुळवावा लागतो. शर्यतींच्या मैदानावरील तो परिचित गोडसर वास एरंडेलापासून बनलेल्या तेलाचा असे. ते खनिज तेलात सहसा नीट मिसळत नाही. त्यामुळे तेलाचा प्रकार बदलताना टाकी आणि इंजिन आधी स्वच्छ करावे.

आपल्याकडील धागा

चेक दुचाकींचा आणि भारताचा संबंध जवळचा आहे. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९६१ पासून जावा आणि १९७३ पासून येझदी या नावाने टू-स्ट्रोक गाड्या बनल्या. १९९६ मध्ये तो कारखाना बंद पडला. ही नावे अनुक्रमे २०१८ आणि २०२२ मध्ये बाजारात परतली, पण नव्या गाड्यांची इंजिने फोर-स्ट्रोक असल्याने त्यांचे भाग जुन्यांना उपयोगी पडत नाहीत. महाराष्ट्रात या जुन्या गाड्या निगुतीने सांभाळणारे अनेक जण आहेत. क्रँकशाफ्ट सरळ करणारा टर्नर, आरे ताणून रिम जुळवणारा कारागीर आणि केवळ आवाजावरून दोष ओळखणारा मिस्त्री यांच्यावरच हा छंद उभा आहे. ही पिढी आता वयस्क झाली आहे आणि तिचे ज्ञान बहुतांशी कागदावर उतरलेले नाही.

कायद्याची बाजूही लक्षात घ्यावी. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेल्या दुरुस्तीनुसार, पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून अधिक काळ झालेल्या दुचाकीची 'व्हिंटेज' म्हणून नोंदणी करता येते. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये आणि पुनर्नोंदणीचे ५ हजार रुपये ठरवण्यात आले. अट अशी, की वाहन मूळ रूपात असावे आणि चॅसी वा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा. हौसेने केलेला बदल अशा रीतीने गाडीची कायदेशीर ओळखही हिरावून घेऊ शकतो.

किती करावे, किती सोडावे

पुनरुज्जीवनात सर्वांत अवघड निर्णय तांत्रिक नसतो. कारखान्याचा मूळ रंग, स्पर्धेचा क्रमांक किंवा वेल्डिंगचा जुना डाग ही गाडीच्या चरित्राची पाने आहेत. एकदा घासून काढल्यावर ती परत आणता येत नाहीत. ज्या भागावर स्वाराचा जीव अवलंबून आहे, असे ब्रेक, आरे, टायर, फोर्क आणि हँडल निःसंकोच नवे करावेत. उरलेले जितके जुने राखता येईल तितके राखावे आणि काढलेला प्रत्येक मूळ भाग जपून ठेवावा.

काम पूर्ण झाल्यावरची निगा साधी आहे. प्रत्येक फेरीनंतर एअर फिल्टरचा फोम धुऊन तेलात भिजवावा, साखळीला वंगण द्यावे आणि आऱ्यांचा ताण तपासावा. पावसाळ्यापूर्वी टाकी व कार्बोरेटर रिकामे करावेत आणि सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडून इंजिन हाताने फिरवावे. मुख्य म्हणजे गाडी अधूनमधून चालवावी. फार काळ निश्चल राहिलेल्या गाडीची सील कोरडी पडतात आणि दुरुस्ती पुन्हा पहिल्यापासून करावी लागते.