डॉ. कोटणीस आणि चिनी पक्षाची विचारप्रणाली

जपानी आक्रमणाशीं झुंजणाऱ्या चीनच्या साहाय्यार्थ काँग्रेसनें १९३८ सालीं पांच डॉक्टरांचें पथक धाडलें. त्यांतील सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस अखेरपर्यंत तेथेंच राहिले. १९४१ मध्यें उत्तर चीनमधील बेथ्यून रुग्णालयाचे ते प्रमुख झाले. १९४२ सालीं त्यांनीं कम्युनिस्ट पक्षाचें सभासदत्व स्वीकारलें आणि त्याच वर्षीं ९ डिसेंबर रोजीं, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षीं, ते निवर्तले. समता, त्याग व सेवा हें त्या विचारप्रणालीचें एक अंग. त्यांचें जीवन त्याची साक्ष देतें.

तिचें दुसरें अंगही त्याच वर्षीं प्रकट झालें. येनान येथें माओ त्से-तुंग यांनीं पक्षशुद्धीची मोहीम आरंभिली. सभासदांनीं नेमून दिलेले लेख अभ्यासावे, स्वतःचे दोष लिहून द्यावे, असा दंडक पडला. पुढील वर्षीं अनेक निष्ठावंत कार्यकर्ते हेर ठरविले गेले. तें पाहण्यास कोटणीस हयात नव्हते. १९४५ मध्यें माओंचा विचार पक्षाच्या घटनेंत प्रविष्ट झाला. देशाची सत्ता १९४९ सालीं हातीं आली, तेव्हां ती राखण्याचें साधन सिद्धच होतें.

१९७८ नंतर देंग यांच्या धोरणानें खासगी उद्योगांस वाव मिळाला. अर्थकारण पालटलें, परंतु सत्य काय हें पक्षानेंच ठरवावें, हा दंडक टिकला. जो विचार माणसास सेवेला प्रवृत्त करतो, तोच प्रश्न विचारण्याची मुभा हरपली कीं शासनाचा दंड बनतो. कोटणिसांच्या त्यागास वंदन करतांना हें विसरतां कामा नये.