उसनी पात्रं

मागे नेओमी नोविकचं नाव निघालं तेव्हा आमचे बंधुराज म्हणाले, "दुसऱ्याची पात्रं घेऊन लिहायची ती? ती कसली लेखिका!" फोनवर वाद घालण्याचं माझं वय राहिलं नाही, म्हणून इथे लिहितो.

नेओमीबाई अमेरिकन, जन्म १९७३, न्यूयॉर्कचा. आई पोलिश. आधी इंग्रजी साहित्य शिकल्या, मग संगणकशास्त्र. दोन्ही पुढे कामी आलं. नव्वदच्या दशकापासून त्या फॅनफिक्शन लिहीत. म्हणजे आवडत्या पुस्तकातली, मालिकेतली पात्रं घ्यायची आणि मूळ लेखकाने न सांगितलेली गोष्ट आपण सांगायची. पैसा नाही, बहुतेकदा खरं नावही नाही. वाचणारेही बरेचसे लिहिणारेच, त्यामुळे कुठे फसलं ते लगेच कळतं. (आमच्या निबंधाच्या वह्यांना असे वाचक लाभले असते तर!)

पॅट्रिक ओब्रायन यांच्या नेपोलियनकाळातल्या आरमारी कादंबऱ्यांचं त्यांना वेड लागलं. त्यातूनच 'टेमेरेअर' आली. इंग्रज कप्तान फ्रेंच जहाज पकडतो, त्यावर एक अंडं सापडतं आणि त्यातून ड्रॅगन निघतो. काळ आणि आरमारी रीतरिवाज ओळखीचे, पण कप्तान आणि ड्रॅगन त्यांचे स्वतःचे. २००६ या एकाच वर्षात मालिकेची तीन पुस्तकं आली, २०१६ मध्ये नववं आणि शेवटचं. २००७ साली नवोदितांचा कॅम्पबेल पुरस्कार मिळाला.

नाव झालं की जुनी वाट पुसून टाकणारे पुष्कळ असतात. या बाईंनी उलट केलं. २००७ साली काही जणींबरोबर त्यांनी फॅनफिक्शनच्या बाजूने उभी राहणारी विनानफा संस्था काढली. संस्थेचं ग्रंथालय 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन' २००९ मध्ये सगळ्यांना खुलं झालं. जाहिराती नाहीत, खर्च देणग्यांवर, काम स्वयंसेवकांचं. संगणकाचं काम बाईंनी स्वतःही केलं. २०१४ साली अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढे कॉपीराइटवर साक्ष द्यायलाही त्या गेल्या.

बंधुराज, तुमच्या कपाटात 'ययाति' आहे. खांडेकरांनी ती माणसं कुठून आणली? व्यासांचा कॉपीराइट नाही, एवढाच काय तो फरक. तो फरक लहान नाही, हे मान्य. लेखक हयात असेल तर त्याच्या पोटापाण्याचा प्रश्न येतो. म्हणून तर फॅनफिक्शनवाले सहसा पैशाला हात लावत नाहीत.

'अपरूटेड' (२०१५) मला सगळ्यांत आवडली. पोलिश लोककथांवर उभी आहे, नेब्युला पुरस्कार मिळाला. त्यातलं दुष्ट जंगल वाचताना रात्री दिवा मालवावासा वाटत नाही! २०१९ मध्ये त्या ग्रंथालयालाच ह्यूगो पुरस्कार मिळाला. डब्लिनच्या सभागृहात तो स्वीकारताना बाईंनी दिवे लावायला सांगितले आणि ज्यांना ज्यांना हे काम आपलं वाटतं त्यांनी उभं राहावं म्हणाल्या. ठिकठिकाणी माणसं उभी राहिली.

२०२० च्या 'अ डेडली एज्युकेशन'मधल्या नायिकेचं वडिलांकडचं घराणं मुंबईजवळचं, म्हणून उत्सुकतेने पुस्तक हाती घेतलं. पण मुंबई जेमतेम दिसते. केसांविषयीच्या एका उताऱ्यावर वाचक चिडले, तेव्हा बाईंनी जाहीर माफीही मागितली. पोलंडच्या जंगलात त्या जशा रमतात तशा इथे रमलेल्या मला दिसल्या नाहीत.