वाशिंद, शहापूर, मुरबाड : गावाकडचे कॉलेज उभे कसे राहते आणि त्याचा खर्च कोण करते?

वाशिंदला रेल्वे १ ऑक्टोबर १८५५ रोजी पोहोचली. मुंबई विद्यापीठ स्थापन झाले १८५७ मध्ये. म्हणजे या गावात गाडी आधी आली आणि विद्यापीठ नंतर. पुढे आसनगावपर्यंतचा मार्ग १८६० मध्ये सुरू झाला, तोपर्यंत चार वर्षांहून अधिक काळ वाशिंद हेच या मार्गावरचे शेवटचे स्टेशन होते. पण शहापूर तालुक्यात पदवीचे वर्ग सुरू व्हायला त्यानंतर शंभराहून जास्त वर्षे जावी लागली.

ते वर्ग सुरू कोणी केले? आणि आज तिथे प्रवेश घेताना कोणती गोष्ट आधी विचारायला हवी?

आधी मुले कुठे जायची?

खाली, म्हणजे कल्याणच्या दिशेने. कल्याणचे बिर्ला कॉलेज १९७२ चे, ठाण्याचे बांदोडकर विज्ञान महाविद्यालय १९६९ चे. वाशिंद, आसनगाव, आटगाव, खर्डी इथल्या मुलांना निदान लोकल होती. मुरबाडला रेल्वे नाही, त्यामुळे तिथल्या मुलांची सगळी भिस्त एसटीवर. आतल्या ठाकूर, कातकरी, वारली पाड्यांवरून तर आधी स्टेशन किंवा एसटी थांब्यापर्यंत पोहोचणे हाच एक प्रवास. बारावीनंतर शिक्षण सुटण्याचे, विशेषतः मुलींचे, हे एक मोठे कारण.

ही कॉलेजे सरकारी आहेत का?

नाहीत. कला-वाणिज्य-विज्ञानाची थेट सरकारने चालवलेली महाविद्यालये महाराष्ट्रात मोजकीच आहेत. मुंबईचे एल्फिन्स्टन, कोल्हापूरचे राजाराम, अमरावतीचे विदर्भ महाविद्यालय ही त्यांतली परिचित नावे. ग्रामीण भागात बहुतेक ठिकाणी स्थानिक शिक्षण संस्थांनी कॉलेज काढले. अशी संस्था साधारणपणे १८६० चा संस्था नोंदणी कायदा आणि १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा या दोन्हींखाली नोंदवलेली असते.

या दोन तालुक्यांतल्या पाट्या वाचल्या तरी इतिहास कळतो. शहापूरच्या सोनुभाऊ बसवंत कला व वाणिज्य महाविद्यालयाला ज्यांचे नाव आहे, ते १९६० च्या दशकात काँग्रेसचे खासदार होते. मुरबाड तालुक्यात शिवळे येथे जनसेवा शिक्षण मंडळाचे शांतारामभाऊ घोलप कला, विज्ञान व गोटीरामभाऊ पवार वाणिज्य महाविद्यालय आहे. घोलप १९८४ मध्ये ठाण्यातून लोकसभेवर निवडून आले होते आणि पवार मुरबाडचे माजी आमदार. तालुक्याच्या ठिकाणी कॉलेज काढायचे तर जागा, देणगी, मंत्रालयातली मंजुरी आणि विद्यापीठाची संलग्नता हे सगळे जमवावे लागते. म्हणूनच अशा पाट्यांवर महाराष्ट्रभर राजकीय नेत्यांची नावे दिसतात.

सुरुवात कला आणि वाणिज्यानेच का?

कारण साधे आहे : खर्च. बी.ए., बी.कॉम.साठी खोल्या, फळा, ग्रंथालय आणि प्राध्यापक असले की वर्ग सुरू होतो. बी.एस्सी.ला प्रयोगशाळा, उपकरणे, रसायने आणि प्रयोगशाळा सहायक लागतात. त्यामुळे अनेक छोट्या कॉलेजांत विज्ञान उशिरा आले, काही ठिकाणी आलेच नाही. ज्याला विज्ञान हवे, त्याला लोकल किंवा एसटी पकडावी लागली. म्हणजे कोणत्या गावचे मूल कोणती शाखा घेणार, हे बऱ्याचदा गुणांपेक्षा जवळच्या कॉलेजात काय आहे यावर ठरले.

अनुदानित आणि विनाअनुदानित यांत फरक काय?

अनुदानित वर्गाच्या मंजूर पदांवरील शिक्षक-कर्मचाऱ्यांचे पगार राज्य सरकार देते. म्हणून तिथली फी कमी असते. विनाअनुदानित वर्गाचा पगार फीमधूनच काढावा लागतो.

यात २००१ हे वर्ष महत्त्वाचे आहे. त्या वर्षीच्या नोव्हेंबरपासून राज्याने नवी परवानगी ‘कायम विनाअनुदानित’ तत्त्वावर देण्याचे धोरण घेतले. म्हणजे परवानगी मिळेल, पण पुढे अनुदान मागायचे नाही. शहरात याचा फटका कमी बसतो, कारण फी भरणारे पालक मिळतात. शेतमजुरी किंवा वीटभट्टीवर चालणाऱ्या घरांच्या भागात फी वाढवली की पट घटतो आणि न वाढवली तर पगार भागत नाही.

अनेकांना माहीत नसलेली गोष्ट म्हणजे एकाच कॉलेजात दोन्ही प्रकारचे वर्ग असू शकतात. बी.ए. अनुदानित आणि शेजारच्याच खोलीतला नवा अभ्यासक्रम स्वयंअर्थसहाय्यित. इमारत एक, प्राचार्य एक, पण फीची पावती वेगळी. शिवाय अनुदानित पद रिकामे असेल, तर तिथे तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांचे पैसे मिळणारे शिक्षक असतात.

नवे कॉलेज हवे असेल तर?

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार विद्यापीठ पाच वर्षांचा बृहत् आराखडा बनवते. कोणत्या भागात कोणत्या शाखेची गरज आहे, हे त्यात लिहिलेले असते. आराखड्यात ठिकाण असेल तरच संस्थेला अर्ज करता येतो. मग सरकारचे इरादा पत्र, अंतिम मान्यता आणि शेवटी विद्यापीठाची संलग्नता. त्यामुळे गावात विज्ञान शाखा हवी असेल, तर ती मागणी आराखडा तयार होत असतानाच विद्यापीठापर्यंत जायला हवी.

आता काय बदलते आहे?

२०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांत नवे शैक्षणिक धोरण लागू झाले. मुख्य विषयासोबत दुय्यम विषय, कौशल्याचे विषय, चार वर्षांच्या पदवीचा पर्याय अशी त्याची रचना आहे. विषयांचे पर्याय द्यायला शिक्षक लागतात, आणि छोट्या कॉलेजात नेमके तेच कमी असतात.

त्याच वर्षापासून मुलींना मिळालेली शिक्षण व परीक्षा शुल्काची १०० टक्के सवलत व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आहे. साध्या बी.ए., बी.कॉम.ला ती आपोआप लागू होते असे समजू नका.

प्रवेशाआधी हे विचारा

- मला मिळणारी तुकडी अनुदानित आहे की स्वयंअर्थसहाय्यित?
- तिन्ही वर्षांची मिळून फी किती?
- माझ्या मुख्य विषयाला पूर्णवेळ शिक्षक आहे का?
- महाडीबीटीवर माझ्यासाठी कोणती शिष्यवृत्ती आहे आणि अर्जाची शेवटची तारीख कोणती?
- आदिवासी विद्यार्थी असाल आणि वसतिगृहात जागा मिळाली नसेल, तर पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजनेबद्दल शहापूरच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात विचारा.

कॉलेज घरापासून किती लांब आहे, हे सगळेच पाहतात. वर्गाचा पगार कोण देते हेही पाहा. तीन वर्षांत घरातून किती पैसे जाणार, हे बरेचसे त्यावर ठरते.