पेकहॅमच्या कांचेच्या भिंती

मी शाळेंत शिकवीत असतां मैदानांत खेळ सुरू झाला, कीं मुलांचे डोळे खिडकीकडे वळत. मला जी अडचण वाटे, तिचाच उपयोग करून घेणाऱ्या एका वास्तूची हकीकत आज सांगावयाची आहे.

लंडनच्या पेकहॅम भागांत जॉर्ज स्कॉट विल्यमसन व इनेस पिअर्स या डॉक्टरांनीं १९२६ सालीं एका लहान घरांत केंद्र काढलें. आरोग्य कशानें वाढतें, हें त्यांस पाहावयाचें होतें. त्यासाठीं इंजिनियर सर ओवेन विल्यम्स यांनीं आंखलेली तीन मजली इमारत १९३५ सालीं उघडली. मध्यभागीं पोहण्याचा तलाव, आणि त्याभोंवतीं कांचेच्या भिंती! उपाहारगृहांत चहा घेणाऱ्या आईस मुलांचें पोहणें दिसे. पाहतां पाहतां तिलाही पाण्यांत उतरावेंसें वाटे. उपदेशाचें काम जणूं इमारतच करी. पायीं येण्याजोग्या अंतरावरील कुटुंबांनाच सभासद होतां येई. वर्गणी कुटुंबामागें आठवड्यास १ शिलिंग.

महायुद्धांत बंद पडलेलें केंद्र १९४६ सालीं पुन्हा उघडलें. पण द्रव्याच्या अभावीं १९५० सालीं कायमचें मिटलें. १९४८ सालीं सुरू झालेल्या राष्ट्रीय आरोग्यसेवेचें लक्ष रुग्णांकडे होतें. निरोगी माणसांच्या या केंद्रास तींत स्थान मिळालें नाहीं. पुढें त्या इमारतींत राहण्याचे गाळे झाले.

आपण समाजमंदिर बांधतांना सभागृहांत माणसें किती मावतील, हें विचारतों. एकाचा उद्योग दुसऱ्याच्या दृष्टीस पडेल काय, हेंही विचारावें.