वऱ्हाड कुणाचं?

परवा नातवाने मोबाईलवर स्टँडअप कॉमेडीचा एक कार्यक्रम दाखवला. हातात माइक घेऊन तो मुलगा तासभर स्वतःबद्दलच बोलत होता. माझी मैत्रीण, माझी नोकरी, माझे बाबा... हसू आलं, नाही असं नाही. पण मला आठवले प्रा. लक्ष्मण देशपांडे.

'वऱ्हाड निघालंय लंडनला' हे नाव प्रथम ऐकलं तेव्हा आम्हा बुलढाणेकरांना वाटलं, चला, आपल्या वऱ्हाडावर कुणीतरी नाटक लिहिलं! पण हे वऱ्हाड लग्नाचं निघालं, आणि भाषा मराठवाड्याची. आमचं 'मले-तुले', त्यांचं 'मपलं-तुपलं'. तरी घाटावरच्या आमच्या मंडळींना, विशेषतः सिंदखेडराजा-देऊळगावराजाकडच्यांना, ती परकी नव्हती. जालना शेजारीच. 1956 पर्यंत तो भाग हैदराबाद राज्यात, म्हणून आमचे जुने लोक त्याला 'मोगलाई' म्हणत. राज्यांची हद्द असली तरी सोयरिकी व्हायच्याच की!

देशपांडे मराठवाडा विद्यापीठात नाट्यशास्त्राचे प्राध्यापक. 1979 साली त्यांनी तेव्हाच्या औरंगाबादेत हा एकपात्री प्रयोग सुरू केला. लेखक तेच, नटही तेच. बावन्न पात्रं, सुमारे तीन तास, सोबत जवळजवळ काहीच नाही. एका उपरण्यावर म्हातारीही उभी राही आणि पुढारीही. पुढे गिनेस बुकात नोंद झाली, ती वेगळी गोष्ट.

एकपात्री काही नवं नव्हतं. पु.लं.नी 1961 पासून 'बटाट्याची चाळ' एकट्यानं गाजवली होती. पण ती मुंबईची, पांढरपेशांची. खेड्यातली बोली बोलणारा माणूस आपल्या नाटकांत बहुधा गडी नाहीतर हवालदार, दोन वाक्यांत हशा पिकवून आत जाणारा. देशपांड्यांकडे तोच सगळं नाटक चालवतो. बबन्या आणि गावकरी विमानात बसतात, तेव्हा त्यांच्या बावळटपणाला हसू येतं, हे मी नाकारत नाही. पण घडीभरानं लक्षात येतं की भाबडेपणा, मानपान, रुसवेफुगवे सगळे आपल्याच मांडवातले आहेत.

आणि बावन्न माणसांत देशपांडे स्वतः कुठेच नव्हते, बरं का! 22 फेब्रुवारी 2009 ला ते गेले. नंतर संदीप पाठक यांनी हेच नाटक पुन्हा उभं केलं. ते माजलगावचे, म्हणजे बोलीही घरचीच.

नातवाला आता जुनं रेकॉर्डिंग लावून दिलं आहे. 'मपलं' म्हणजे काय, एवढंच त्यानं आतापर्यंत विचारलंय.