डी अँड डीमधला जादूगार मंत्र का विसरतो?

डंजन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजेच डी अँड डी, हा फासे आणि गप्पांवर चालणारा खेळ. डंजन मास्टर गोष्ट सांगतो, बाकीचे एकेक पात्र होतात. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांचा हा खेळ १९७४ साली अमेरिकेत आला.

मोबाइल गेममध्ये जादूचा बार बऱ्याचदा आपोआप भरतो. इथे तसं नाही. पहिल्या लेव्हलच्या जादूगाराला मोठ्या मंत्रांसाठी दोनच स्पेल स्लॉट मिळतात. ते संपले की विश्रांती घ्यायची.

हे आलं कुठून?

जॅक व्हान्स यांच्या 'द डाइंग अर्थ' (१९५०) या पुस्तकातून. त्यातल्या जादूगारांच्या डोक्यात मोजकेच मंत्र मावतात आणि वापरला की मंत्र पुसला जातो. जणू रॅम कमी! गायगॅक्स यांनी ही कल्पना उचलली. व्हेक्ना हे खलनायकाचं नावसुद्धा व्हान्स यांच्या नावाची इंग्रजी अक्षरं फिरवून केलंय.

फरक काय पडतो?

माझ्या पहिल्याच सेशनमध्ये मी दोन्ही स्लॉट किरकोळ गॉब्लिन्सवर उडवले. पुढे राक्षसाने मित्राच्या पात्राला पाडलं आणि त्या राक्षसाला रोखायला माझ्याकडे काहीच उरलं नव्हतं. अशा वेळी पडलेला खेळाडू २० बाजूंचा फासा टाकतो. १० किंवा जास्त आले तर यश, म्हणजे शक्यता ५५ टक्के. तीनदा अपयश आलं की खेळ खल्लास. मित्राला ४, ९ आणि ७ आले. सगळे गप्प.

बेसिक नियम ऑनलाइन मोफत मिळतात. खेळून बघा, पण शेवटचा स्लॉट जपून ठेवा.